बिनखाडाची कैफियत

मित्रांनो, मी एक जुना मॉड्यूल आहे आणि आज मी रागावलेलो आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझा आवाज चढला तर "आत्मवृत्तात असं बोलतात का?" असं कुणी म्हणायला नको. जुनी छत्री, जुनं घड्याळ, जुना फळा यांनी आपापली कहाणी तुम्हाला हळू आवाजात सांगितली असेल. आम्हाला अडगळीत टाकलं, एवढीच त्यांची तक्रार असते. मलाही टाकलं, पण त्याचं मला फारसं काही वाटत नाही. मला टाकताना, हा नेमकं काय काम करत होता, एवढं सुद्धा कुणी विचारलं नाही आणि त्यापायी एका बाईचा जीव जायची वेळ आली. ते मात्र मला सहन होत नाही.

मॉड्यूल म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. प्रोग्राम लिहिणारी माणसं प्रत्येक गोष्ट स्वतः लिहीत बसत नाहीत. कुणीतरी एकदा नीट लिहून ठेवलेलं छोटंसं काम उचलतात आणि आपल्या प्रोग्रामात बसवतात. असं एक छोटंसं काम म्हणजे मी. माझ्यासारखे लाखो जण इंटरनेटवरच्या एका मोठ्या गोदामात राहतात. तिथून आम्हाला आणायला एक हमाल असतो, त्याला पॅकेज मॅनेजर म्हणतात. तुम्ही फक्त एक ओळ टाइप करायची, ‘इन्स्टॉल’ आणि पुढे माझं नाव. की हा हमाल गोदामात जातो, मला उचलतो, ज्यांच्याशिवाय माझं चालत नाही त्या माझ्या सोबत्यांनाही उचलतो आणि तुमच्या मशीनवर आणून मांडतो. गडी प्रामाणिक आहे. एखाद्याचं दुसऱ्याशी पटत नसेल तर तो ओझं खाली ठेवतो आणि तसं तोंडावर सांगतो. ऐकायचं की नाही, हे मात्र तुमच्या हातात.

आणि तुम्ही ऐकत नाही, इथेच माझं डोकं फिरतं. डोंबिवलीच्या बाजारात मी तुमच्यासारख्यांना पाहिलंय, म्हणजे त्यांच्या खिशातल्या फोनमधून ऐकलंय म्हणा. भेंडीचं टोक मोडून बघता, नारळ कानाशी नेऊन हलवता, पाव किलो मिरची घ्यायला भाजीवाल्याशी घासाघीस करता. आणि तेच तुम्ही ऑफिसात खुर्चीवर बसलात की कुणा अनोळखी माणसानं लिहिलेलं काम एका ओळीत घरात घेता! आत काय आहे, कुणासाठी केलंय, काही बघत नाही. नावापुढे चांदण्या किती आणि शेवटचं अपडेट कधी, एवढं बघितलं की तुमची पारख संपली.

असो. आधी जन्माचं सांगतो.

मला योगिनीनं लिहिलं. ती कोपरला राहते, डोंबिवली पश्चिमेला. तेव्हा ती नुकतीच एका कंपनीत लागली होती आणि तिच्या वडिलांची, आप्पांची, मूत्रपिंडं निकामी झाली होती. ज्यांची किडनी काम करत नाही त्यांचं रक्त मशीनमधून फिरवून साफ करावं लागतं. त्याला डायलिसिस म्हणतात. आठवड्यातून तीन वेळा, कायमचं. मध्ये फार दिवस गेले तर अंगात पाणी साठतं, पाय सुजतात, आडवं झालं की दम लागतो, आणि त्याहून जास्त दिवस गेले तर हृदय दगा देतं. आप्पा ठाण्याला नौपाड्यातल्या एका केंद्रात जायचे. एका ट्रस्टनं चालवलेलं केंद्र, जागा लहान, पण माणसं मायाळू. तिथे पाळ्या ठेवायला एक कुठून तरी आणलेला प्रोग्राम होता. त्यानं एकदा धुळवडीची सुट्टी म्हणून आप्पांची पाळी पुढे ढकलली. दोन दिवसांनी आप्पा उशा रचून बसल्या बसल्या श्वास घेत होते आणि योगिनी त्यांचे पाय दाबत रडत होती.

आप्पा सावरल्यावर तिनं मला लिहायला घेतलं. माझे नियम साधे होते. दोन पाळ्यांच्या मध्ये दोनांपेक्षा जास्त दिवस रिकामे जाऊ द्यायचे नाहीत. केंद्र काही कारणानं बंद राहणार असेल तर पाळी आधीच्या दिवशी ओढून घ्यायची, नंतरच्या दिवशी ढकलायची नाही. सरकारी सुट्टीला सुट्टी मानायचंच नाही. आणि एवढं करूनही जागा नसेल, तर गप्प बसायचं नाही. केंद्रातल्या माणसाच्या नावानं बोंब मारायची आणि त्यानं उत्तर देईपर्यंत मारत राहायची.

"नाव काय ठेवलंस गं त्याचं?" आप्पांनी विचारलं.

"बिनखाडा."

"हे काय नाव? कीटकनाशक असल्यासारखं वाटतंय."

"तुम्हाला कंपनीत बक्षीस मिळायचं ना दरवर्षी? वर्षभर एकही खाडा नाही म्हणून? त्यावरून ठेवलं."

आप्पा एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात होते. बिनखाडा हजेरीबद्दल मिळालेलं स्टीलचं पातेलं त्यांच्या स्वयंपाकघरात अजून वापरात होतं. दुसऱ्या दिवशी केंद्रात शेजारच्या खुर्चीवरच्या जॉर्जिनाबाईंना त्यांनी तीन-तीनदा सांगितलं की माझ्या मुलीनं आपल्या पाळ्यांसाठी काहीतरी केलंय. मला तेव्हा किती बरं वाटलं होतं म्हणून सांगू!

माझ्यासोबत योगिनीनं एक परीक्षासुद्धा लिहून ठेवली. आमच्यात तशी पद्धत आहे. मॉड्यूल बरोबर चालतो की नाही हे तपासायला काही प्रश्न लिहून ठेवायचे. कुणीही एक ओळ टाइप करावी आणि आमची परीक्षा घ्यावी. तिचे प्रश्न सगळे आपल्याकडचे होते. गणपतीचा आठवडा, होळीचा आठवडा, आणि सगळ्यात अवघड म्हणजे दिवाळीचा. लक्ष्मीपूजन, पाडवा, भाऊबीज ओळीनं आले तर हा काय करतो? मी उत्तीर्ण झालो. मग तिनं मला गोदामात ठेवलं, कुणीही फुकट न्या म्हणून.

माणसं मला नेऊ लागली. कल्याणच्या एका डेअरीवाल्यानं नेलं, रतीब चुकू नये म्हणून. एका फिजिओथेरपीवालीनं नेलं. दूरदूरच्या गावांतल्या डायलिसिस केंद्रांनी नेलं. आणि नौपाड्याच्या त्या केंद्रात मला विनीतनं बसवलं. विनीत हा तिथल्या कॉम्प्युटरचं काम बघणाऱ्या छोट्या फर्ममधला प्रोग्रामर. माणूस वाईट नाही, हे मी आत्ताच सांगतो, कारण पुढे मी त्याला पुष्कळ बोलणार आहे. आमच्यात मूळ आणि नक्कल असा भेद नसतो. मी कोपरला योगिनीच्या लॅपटॉपवर असतो तसाच नौपाड्याच्या काउंटरवरच्या मशीनमध्येही असतो, आणि दोन्हीकडचं मला ऐकू येतं.

केंद्रात माझी चैन होती. सकाळी काउंटर उघडलं की मी दिवसाच्या पाळ्या मांडून द्यायचो. त्यावरून तंत्रज्ञांना कामाचे मेसेज जायचे, पेशंटना जायचे. जॉर्जिनाबाई माझ्या आवडत्या. खाडीकाठच्या गावातल्या, ख्रिस्ती, नवरा लिनो पूर्वी भातशेती आणि खाडीत मासेमारी करायचा. मंगळ, गुरु, शनि हे त्यांचे वार. आल्या की आधी वजनकाट्यावर उभ्या राहायच्या आणि काटा बघायच्या आत ओरडायच्या, "आज मना नको बोलू, घरात कोलंबीचं कालवण व्हतं!" सिस्टर रागवायची, त्या हसायच्या. नाताळात त्या सगळ्यांसाठी तळलेली गोड कलकल घेऊन यायच्या आणि दिवाळीत आप्पांकडून चकली हक्कानं मागून घ्यायच्या. डॉक्टरांनी दोघांनाही मीठ वर्ज्य केलं होतं, ती गोष्ट वेगळी.

बाहेर कौतुकही झालं. पुष्कळ चांदण्या मिळाल्या. पण चांदण्या देणाऱ्यांपेक्षा तक्रार करणारे जास्त बोलतात, हे मला तेव्हाच कळलं. "हे चालत नाही, तातडीनं दुरुस्त करा." "अजून उत्तर का नाही?" "एवढं साधं करता येत नसेल तर गोदामात ठेवलंच कशाला?" ही भाषा, मित्रांनो, फुकट नेणाऱ्यांची! आणि योगिनी ऑफिसातून दमून घरी आली की चहाचा कप बाजूला ठेवून प्रत्येकाला उत्तर लिहायची. "हो, बघते." "झालं, पुन्हा इन्स्टॉल करून बघा." त्यानंतर आभार मानणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. काम झालं की ते निघून जायचे.

पुढे आप्पा गेले. डायलिसिसमुळे नव्हे, वयानं गेले. केंद्रातल्या माणसांनी त्यांची खुर्ची एक दिवस रिकामी ठेवली. योगिनीला नंतर मूल झालं, नोकरी वाढली, आणि तिनं माझ्याकडे बघणं कमी केलं. कमी केलं म्हणजे टाकून दिलं नव्हतं. माझ्यात दुरुस्त करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. जे बरोबर चाललंय त्याला दर महिन्याला नवा सदरा कशाला शिवायचा? पण गोदामात माझ्या नावासमोर "बरीच वर्षं अपडेट नाही" असं दिसू लागलं, आणि ते वाचून लोक मला मेलेला समजू लागले. मी केंद्रात रोज काम करत होतो, रोज माणसांना वेळेवर मशीनवर आणत होतो आणि तिकडे माझं सुतक पाळलं जात होतं.

आता दसऱ्याकडे येतो.

केंद्रात दसऱ्याला सगळ्या मशीनींची पूजा होते. पाणी शुद्ध करणाऱ्या मोठ्या आरओ प्लांटला हार, डायलिसिसच्या प्रत्येक मशीनला झेंडूचं फूल, वजनकाट्याला हळदकुंकू, आणि आमच्या कॉम्प्युटरलासुद्धा. मला ते आवडतं. वर्षातून एक दिवस का होईना, कुणी हात जोडतं. ट्रस्टचे सचिव बाळकाका, निवृत्त, धोतर नेसून पूजेला बसायचे. दसरा हा साडेतीन मुहूर्तांपैकी एक, त्या दिवशी काहीतरी नवं सुरू व्हायलाच हवं, अशी त्यांची श्रद्धा. एका वर्षी नवीन खुर्च्या आल्या, एका वर्षी नवा पंखा. यंदा आणण्यासारखं काही नव्हतं. म्हणून त्यांनी विनीतला बोलावून घेतलं.

"विनीत, आपली ही संगणकप्रणाली जुनी झालेली आहे ना? मग आज मुहूर्तावर अद्ययावत करून टाका. नारळ फोडतो, तुम्ही बटण दाबा."

"काका, आज नको. पुढच्या आठवड्यात नीट टेस्ट करून करू या."

"अहो, पुढच्या आठवड्यात मुहूर्त आहे का? शुभस्य शीघ्रम."

विनीतची बायको खाली स्कूटरवर बसून होती; त्यांना सोनं द्यायला सासुरवाडीला जायचं होतं. त्यानं खुर्ची ओढली आणि हमालाला हुकूम सोडला: सगळ्यांच्या नव्यात नव्या आवृत्त्या घेऊन ये. हमाल गेला, आला, आणि दारातच थांबला. त्यानं पिवळ्या अक्षरांत लिहिलं की तारखांचा जो नवा मॉड्यूल आहे त्याच्याशी बिनखाडाचं जमत नाही, पुढे जायचं तर विचार करा. एवढं स्पष्ट! अजून काय करायला हवं होतं त्यानं? आरोळी ठोकायला हवी होती?

"हा बिनखाडा कोण आहे यार," विनीत स्वतःशीच म्हणाला. "कितीतरी वर्षं अपडेट नाही. डेड आहे वाटतं."

मला बसवलं होतं त्यानंच! स्वतःच्या हातानं! पण मधल्या काळात त्यानं शेकडो मॉड्यूल बसवले आणि काढले, त्यातला मी एक. त्याला माझं नावसुद्धा आठवलं नाही. बाळकाका नारळ हातात धरून उभे. विनीतनं हमालाला ‘जबरदस्तीनं कर’ असा शब्द जोडून हुकूम दिला. मला काढलं. माझ्या जागी गोदामातला एक चकचकीत, चांदण्यांनी लगडलेला नवा मॉड्यूल आणला, ज्याला दुकानांच्या आणि दातांच्या डॉक्टरांच्या अपॉइंटमेंट ठेवायची सवय. माझ्यासोबतची परीक्षा तिथेच पडून होती. एक ओळ टाइप करायची होती, मित्रांनो. नव्यालाही तेच प्रश्न विचारायचे होते. नारळ फुटला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि विनीत खाली पळाला.

हमाल काढलेल्या सामानाची एक प्रत पोटमाळ्यावर टाकून ठेवतो, पुन्हा लागली तर. तसा मी त्याच मशीनच्या पोटमाळ्यावर पडून राहिलो. माझ्या जागेवरचा तो नवा वाईट नव्हता. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की इथे दात नाहीत, रक्त आहे. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत मध्ये सुट्टी आली नाही, म्हणून सगळं सुरळीत चाललं. बाळकाका येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "बघा, मुहूर्तावर केलेलं काम कसं सुरळीत चाललंय."

मग दिवाळी आली. यंदा लक्ष्मीपूजन मंगळवारी, पाडवा बुधवारी, भाऊबीज गुरुवारी. सोमवारी दुपारी त्या नव्यानं सरकारी सुट्ट्यांची यादी बघितली आणि तिन्ही दिवसांच्या पाळ्या रद्द केल्या. सोम-बुध-शुक्रवाल्यांना शुक्रवारची वेळ, मंगळ-गुरु-शनिवाल्यांना थेट शनिवारची. पेशंटना मेसेज गेला: शुभ दीपावली, सुट्टीनिमित्त आपली पुढील वेळ शनिवारी. पाळ्याच नाहीत म्हटल्यावर तंत्रज्ञांनाही मेसेज गेला की तीन दिवस काम नाही. मी पोटमाळ्यावरून ओरडत होतो. पण काढून टाकलेल्याला आवाज नसतो.

आता तुम्ही म्हणाल, एवढी शहाणी माणसं, एकालाही कळलं नाही? हेच तर सांगतोय. सुदेश तिथला तंत्रज्ञ, कल्याणला राहणारा. इतकी वर्षं दिवाळीत कामावर येणारा. त्याला मेसेज आला तेव्हा तो काउंटरपाशीच उभा होता. "बाळकाकांनी पेशंटची दुसरीकडे सोय केली असेल," तो म्हणाला. "चला, पहिल्यांदा लक्ष्मीपूजनाला घरी." सिस्टरला वाटलं सुदेशला माहीत असेल. बाळकाकांना वाटलं प्रणालीनं पाळ्या आधीच उरकल्या असतील, केंद्र बंद राहणार असलं की ती नेहमी तसंच करायची. ती नव्हे, मी करायचो! पण माझं नाव त्यांना कुठे ठाऊक?

बाकीच्या पेशंटच्या घरच्यांनी आरडाओरडा केला, फोन लागला नाही तेव्हा इकडे-तिकडे दुसऱ्या रुग्णालयांत जाऊन बसले आणि कशाबशा जागा मिळवल्या. जॉर्जिनाबाईंनी मात्र काही केलं नाही. हे मला लिनोच्या तोंडून नंतर कळलं. मेसेज वाचून लिनो म्हणाला होता, "शनवारी? काय तरी चुकलंय. फोन कर."

"नको," त्या म्हणाल्या. "त्यांचा मोटा सन हाय. आपल्या नाताळाला ते आपल्याला कवा तरास देतान का? शनवारी बोलवलंय तं शनवारी जाव."

म्हणजे बघा, सगळ्यांनी एकमेकांचा मान राखला आणि त्या मानात एक बाई बुडायला निघाली. मंगळवारी त्यांनी पाणी कमी प्यायलं. बुधवारी पाय सुजले, जोडे पायात जाईनात. संध्याकाळी शेजारी फटाके वाजत होते आणि त्या पलंगाच्या कडेला बसून होत्या, कारण पाठ टेकली की छातीवर दगड ठेवल्यासारखं व्हायचं. तरीही म्हणत होत्या, "सन हाय, सन हाय."

गुरुवारी सकाळी लिनोनं त्यांचं ऐकणं सोडलं. केंद्राचा फोन कुणी उचलेना. त्याच्या फोनमध्ये योगिनीचा नंबर होता, आप्पा शेजारच्या खुर्चीवर बसायचे तेव्हापासूनचा. त्यानं तो लावला. योगिनी भावाला ओवाळायच्या तयारीत होती. तिचा लॅपटॉप टेबलावर होता, त्यामुळे हे मी स्वतः ऐकलं.

"योगिनी, तुजा तो बिनखाडा झोपला का?" लिनो ओरडला. "शनवारपासून जॉर्जिनाला कोन बोलवत नाय! ती सास घेत नाय धड!"

"शनिवारपासून?" योगिनीच्या हातातलं तबक खाली ठेवल्याचा आवाज झाला. "लिनोकाका, असं होऊच शकत नाही. ऐका, आत्ता रिक्षा करा आणि नौपाड्याला निघा. तिला बसवूनच आणा, झोपवू नका. केळं, नारळपाणी काही देऊ नका, हृदयाला धोका आहे. मी केंद्र उघडायला लावते."

तिनं बाळकाकांना फोन केला. तो फोन मी विसरणार नाही. बाळकाका शांतपणे म्हणाले, "अहो, आज भाऊबीज आहे, आज पाळ्या नाहीत. प्रणालीनं तसं कळवलेलं आहे." आणि योगिनी, जी कुणाही ऐऱ्यागैऱ्याला "हो, बघते" असं उत्तर द्यायची, ती किंचाळली, "काका, प्रणाली गेली खड्ड्यात! बाई मरतेय! किल्ली घेऊन निघा!"

बाळकाका निघाले. हे त्यांच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे. धोतरावर, चपला अडकवून, नौपाड्याच्या रस्त्यानं ते धावत आले. केंद्राच्या डॉक्टरीणबाई जवळच राहायच्या, त्या आल्या. सुदेश कल्याणहून मोटरसायकलवर निघाला. कपाळावर ओवाळल्याचं कुंकू तसंच. आरओ प्लांट तीन दिवस बंद होता, तो सुरू होऊन पाणी चांगलं येईपर्यंत सगळे नळाकडे बघत उभे होते. जॉर्जिनाबाईंना लिनोनं आणि रिक्षावाल्यानं उचलून आत आणलं. त्यांचे ओठ निळे पडले होते. डॉक्टरीणबाईंनी ऑक्सिजन लावला, इंजेक्शन दिलं आणि सुदेशला म्हणाल्या, "लवकर कर रे बाबा." सुदेशनं सुई बरोबर लावली. मशीन फिरू लागलं.

मी पोटमाळ्यावरून मशीनचा आवाज ऐकत होतो. मध्ये एकदा तो थांबला आणि डॉक्टरीणबाई जोरात काहीतरी बोलल्या. लिनो बाहेरच्या बाकावर डोकं धरून बसला होता. मग आवाज पुन्हा सुरू झाला. बऱ्याच वेळानं जॉर्जिनाबाईंनी पाणी मागितलं आणि सिस्टर, जी तोवर येऊन पोचली होती, रडत रडत ओरडली, "पाणी नाही मिळणार!"

त्या वाचल्या. पण हृदयाला धक्का बसला तो बसलाच. पूर्वी रिक्षातून उतरून स्वतः जिना चढायच्या, आता लिनो त्यांना चाकाच्या खुर्चीतून आणतो. वजनकाट्यावर उभं राहताना दोघांचा आधार लागतो. कालवणाचं काही ओरडत नाहीत.

आता माझ्या रागाचं खरं कारण. त्यानंतर सगळे एकच वाक्य बोलू लागले: सिस्टीमची चूक झाली. ट्रस्टच्या बैठकीत सिस्टीमची चूक. विनीतच्या फर्मनं कळवलं, सिस्टीमची चूक. आणि काहींनी तर हळूच पुढे जोडलं की मूळ मॉड्यूल जुना होता, लिहिणाऱ्या बाईनं वेळेवर अपडेट करायला हवा होता. योगिनीनं ते वाचलं आणि त्या वेडीला ते खरं वाटलं. "मीच नवी आवृत्ती काढायला हवी होती," ती नवऱ्याला म्हणाली. अगं बाई! तू फुकट दिलंस, परीक्षा लिहून दिलीस, हमालानं पिवळ्या अक्षरांत सांगितलं, आणि दोष तुझा? मला काढणारा हात होता, नारळ धरणारा हात होता, मेसेज वाचून घरी जाणारे पाय होते. सिस्टीम म्हणून कुणी बाई किंवा बुवा त्या केंद्रात कामाला नाही!

पुढच्या मंगळवारी योगिनी रजा टाकून केंद्रात आली. विनीतलाही बोलावलं होतं. तो मान खाली घालून बसला होता. तिनं त्याला रागावून काही म्हटलं नाही. फक्त माझी जुनी परीक्षा त्या नव्या मॉड्यूलला द्यायला सांगितली. विनीतनं ती ओळ टाइप केली. दिवाळीच्या आठवड्याचा प्रश्न आला आणि स्क्रीन लाल झाला. उत्तर यायला चहाचा एक घोट घेण्याइतकाही वेळ लागला नाही.

"एवढंच करायचं होतं," योगिनी म्हणाली.

"हो," विनीत म्हणाला. "एवढंच."

मग हमालानं मला पोटमाळ्यावरून खाली उतरवलं आणि तारखांच्या नव्या मॉड्यूलशी माझं जमावं म्हणून दोघांनी बसून माझ्यात दोन ओळी बदलल्या. मी पुन्हा माझ्या जागेवर आलो. बाळकाकांनी हात जोडले. मला त्या हातांचा त्या दिवशी आनंद झाला नाही.

तेवढ्यात लिनो जॉर्जिनाबाईंना घेऊन आला. विनीत उठला, त्यांच्या खुर्चीपाशी जाऊन म्हणाला, "मावशी, माफ करा. आता सगळं फिक्स केलंय. पुन्हा नाही होणार."

जॉर्जिनाबाईंनी त्याच्याकडे बघितलं. बोलायला त्यांना आता वेळ लागतो.

"माजे वार कोनते, ठाव हाय का तुला?"

विनीत स्क्रीनकडे वळला. त्यांनी हात लांब करून त्याची बाही धरली.

"तिकडं नको बगू. तोंडानं सांग."

विनीतनं बाकीच्यांकडे बघितलं. काउंटरच्या मागे सुदेश, सिस्टर, बाळकाका सगळे होते, पण कुणी त्याला सांगितलं नाही. लिनो खुर्ची ढकलत आत निघाला आणि जाता जाता म्हणाला, "मंगल, गुरु, शनवार." विनीत ते हळू आवाजात पुन्हा म्हणाला, आणि मग अजून एकदा म्हणाला.

मित्रांनो, मला ठेवा नाहीतर काढा. नवा आणा, जुना फेका, ती तुमची मर्जी आहे. पण तुमच्या प्रोग्रामच्या दुसऱ्या टोकाला जो माणूस बसलेला आहे, त्याचे वार आधी तोंडपाठ करा, आणि मगच त्या ‘इन्स्टॉल’च्या ओळीला हात लावा.